वाक्संप्रदायाची मालकी : इंग्रजी शिकणारा चिनी भाषक आणि एक नैतिक प्रश्न

१

ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातील सुट्या शब्दांच्या अर्थांची बेरीज करून हाती लागत नाही, त्याला तीन भाषांनी दिलेली तीन नावे विचारात घेण्याजोगी आहेत. इंग्रजीतील 'इडियम' ही संज्ञा ज्या ग्रीक शब्दावरून आली, त्याच्या मुळाशी 'स्वतःचे, खासगी, इतरांहून वेगळे' हा अर्थ आहे. 'इडियट' हा शब्दही त्याच मुळाचा. सार्वजनिक व्यवहारात भाग न घेणारा खासगी माणूस हा त्याचा आरंभीचा अर्थ. चिनी भाषेत अशा शब्दबंधांचा जो सर्वांत प्रतिष्ठित वर्ग आहे त्याला 'छंग-यू' म्हणतात. 'सिद्ध झालेले वचन' असा त्याचा शब्दशः अर्थ सांगता येईल. तो बहुधा चार अक्षरचिन्हांचा असतो आणि पुष्कळदा एखाद्या प्राचीन ग्रंथातील कथेकडे बोट दाखवतो. मराठीने 'वाक्प्रचार' या शब्दाबरोबरच 'वाक्संप्रदाय' हा शब्द वापरला, आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी आपल्या कोशाच्या नावातही तोच योजला. पहिल्या नावात स्वामित्वाची कल्पना आहे, दुसऱ्यात सिद्धीची आणि तिसऱ्यात परंपरेने हस्तांतरित होणाऱ्या आचाराची.

ही केवळ नामकरणाची गंमत नव्हे. वाक्संप्रदाय जर स्वामित्वाची वस्तू असेल, तर परका तो फार तर उसना घेऊ शकेल. तो सिद्ध वचन असेल, तर अभ्यासाच्या बळावर कोणालाही तो प्राप्त करून घेता येईल. आणि तो संप्रदाय असेल, तर त्यात प्रवेश जन्माने मिळतो की दीक्षेने, हा प्रश्न अटळ ठरतो. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी भाषकापुढे हे तिन्ही पर्याय एकाच वेळी उभे राहतात. तो स्वतः सिद्धीच्या परंपरेतून येतो, स्वामित्वाची भाषा शिकू पाहतो, आणि त्याची परीक्षा मात्र दीक्षित-अदीक्षित या निकषावर होते. त्याच्या इंग्रजीत व्याकरणाची चूक नसली तरी 'हे इंग्रजी वाटत नाही' असा शेरा त्यावर पडतो. या शेऱ्यात भाषिक निर्णय किती आणि नैतिक निर्णय किती, हा येथील विचाराचा विषय आहे. परभाषेचे वाक्संप्रदाय आत्मसात करण्याचे दायित्व शिकणाऱ्यावर कितपत पडते, आणि ते बोलणाऱ्यावर काही दायित्व पडते की नाही, असे त्याचे दोन भाग पडतात.

२

भारतीय काव्यशास्त्रात या प्रश्नाला भिडणारा एक जुना वाद आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन अटी सांगितल्या : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक. रूढीचे उदाहरण म्हणून त्याने 'कुशल' हा शब्द घेतला. कुश नावाचे धारदार गवत हाताला इजा न होऊ देता आणणारा तो कुशल. पण कर्मात कुशल असे म्हणताना गवत कोणाच्याच मनात नसते. अर्थ रूढीने सरकलेला आहे. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त हे उदाहरण नाकारले. शब्दाची व्युत्पत्ती कशावरून झाली ही एक गोष्ट आणि तो कशामुळे वापरला जातो ही दुसरी गोष्ट, असे त्याचे म्हणणे. व्युत्पत्तीलाच मुख्यार्थ मानायचे, तर गमनार्थक धातूपासून साधलेला 'गौः' हा शब्द निजलेल्या गाईलाही लक्षणेनेच लावावा लागेल. म्हणून 'कुशल'चा मुख्यार्थ 'निपुण' हाच. तेथे लक्षणा नाहीच.

या वादात बरोबर कोण, हा प्रश्न सहसा शब्दाच्या स्वरूपाविषयीचा मानला जातो. वाक्संप्रदायांच्या संदर्भात मात्र तो ऐकणाऱ्याच्या स्थानाविषयीचा होतो. 'किक द बकेट' हा शब्दबंध ज्याने बालपणापासून ऐकला आहे त्याच्यापुरता विश्वनाथ बरोबर आहे : त्याला बादली दिसत नाही, लाथ दिसत नाही, 'मरणे' एवढेच ऐकू येते. जो तोच शब्दबंध विसाव्या वर्षी वुहानमधील वर्गात प्रथम ऐकतो, त्याच्यापुरता मम्मट बरोबर आहे. त्याला मुख्यार्थ आधी दिसतो, त्याचा बाध जाणवतो, संबंध शोधावासा वाटतो, आणि संबंध सापडला नाही की रूढीला शरण जावे लागते. भाषक ज्या पायऱ्या केव्हाच विसरला, त्या सगळ्या शिकणाऱ्याला एकेक करून चढाव्या लागतात. वाक्संप्रदायातील झोपी गेलेले रूपक त्याच्या कानात जागे असते. हे जागेपण वैगुण्य मानायचे की एक प्रकारचे ज्ञान मानायचे, यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून आहे.

चिनी भाषकाच्या बाबतीत ही स्थिती आणखी गुंतागुंतीची होते, कारण आपल्या भाषेत त्याला नेमक्या उलट प्रकारचे वळण लागलेले असते. 'नावेवर खूण करून तलवार शोधणे' हा छंग-यू तो शिकतो तेव्हा त्याची कथाही शिकतो. नदी ओलांडताना तलवार पाण्यात पडली, मालकाने ती पडली त्या जागी नावेच्या कडेवर खूण केली, आणि नाव थांबल्यावर खुणेखालच्या पाण्यात तो तलवार शोधू लागला. ही कथा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील 'ल्यू-शी छुन-छ्यू' या ग्रंथातली. खुंटाला आपटून ससा मेलेला पाहिल्यावर शेत सोडून खुंटाशीच वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याचा छंग-यू 'हान-फेइ-त्झ'मधला. येथे मुख्यार्थ विसरणे म्हणजे वाक्संप्रदाय आत्मसात करणे नव्हे. उलट, कथा ठाऊक नसताना तो वापरणे हे अर्धवटपणाचे लक्षण मानले जाते. अशा परंपरेतून आलेला विद्यार्थी इंग्रजी वाक्संप्रदायाला साहजिकच विचारतो : तुझा ग्रंथ कोणता? 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' या शब्दबंधाला या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर देता येत नाही; त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. चिनी भाषेतील मुसळधार पाऊस 'उपडे केलेले घंगाळ' असतो, मराठीतील पावसात मुसळ असते. दोन्ही ठिकाणी पाण्याच्या धारेशी काही दृश्य नाते तरी आहे. मांजरे आणि कुत्री आकाशातून का पडावीत, हे इंग्रजी भाषक विचारत नाही. त्याला विचारण्याची गरज नसणे यालाच भाषेत जन्मलेले असणे म्हणतात.

याशिवाय प्रतिष्ठेचाही विपर्यास आहे. लेखनात नेमका छंग-यू योजणे हे चिनी भाषेत दीर्घकाळ विद्वत्तेचे गमक राहिले आहे. इंग्रजीत मात्र बहुसंख्य वाक्संप्रदाय बोलीच्या स्तरावरचे असतात आणि गंभीर गद्यात त्यांची गर्दी झाली की ती शिळेपणाची खूण ठरते. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ च्या प्रसिद्ध निबंधात छापील मजकुरात नेहमी दिसणारी रूपके टाळावीत असेच बजावले होते. परिणामी, आपल्या परंपरेतील उत्तम विद्यार्थ्याप्रमाणे वागून इंग्रजी निबंधात जागोजागी वाक्संप्रदाय पेरणारा चिनी विद्यार्थी इंग्रजी शिक्षकाला अपरिपक्व वाटतो. अर्थात चिनी परंपरा येथे एकसुरी नाही. हू श यांनी १९१७ साली 'नवयुवक' या नियतकालिकात साहित्यसुधारणेविषयीचे जे आठ मुद्दे मांडले, त्यांत घासून गुळगुळीत झालेली वचने टाकून द्यावीत आणि प्राचीन संदर्भांचा सोस सोडावा, हेही होते. म्हणजे ऑर्वेलच्या जवळजवळ तीस वर्षे आधी हाच विचार चिनीत मांडला गेला होता. दोन संस्कृतींमधील भेद म्हणून जो सांगितला जातो तो पुष्कळदा प्रत्येक संस्कृतीच्या आत चाललेला वादच असतो, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

३

चिनी भाषकांसाठी तयार होणाऱ्या इंग्रजी वाक्संप्रदायांच्या याद्यांची एक ठरलेली रीत आहे : डावीकडे इंग्रजी शब्दबंध, उजवीकडे त्याचा 'समानार्थी' छंग-यू. या समीकरणाचा एक नमुना बारकाईने पाहण्याजोगा आहे. 'फ्लॅश इन द पॅन' याच्यासमोर 'थान-ह्वा यी श्यन' असे लिहिलेले आढळते. क्षणभर चमकून नाहीसे होणारे यश, असा दोहोंचा व्यवहारातला अर्थ, समीकरण जुळते. पण इंग्रजी शब्दबंधात एक जुनी बंदूक आहे : चापाजवळच्या खळग्यातील दारू भडकते, उजेड पडतो, परंतु नळीतली मुख्य दारू पेटत नाही आणि गोळी सुटत नाही. चिनी शब्दबंधात एक फूल आहे. 'थान-ह्वा' हे 'उदुंबरपुष्पा'चे चिनी रूप. कुमारजीवाने ४०६ साली केलेल्या सद्धर्मपुंडरीकसूत्राच्या चिनी अनुवादात, बुद्धाने असा धर्म सांगणे हे उदुंबराचे फूल कधीकाळी एकदाच दिसावे तितके दुर्मिळ आहे, अशा आशयाची उपमा येते. तेथे भर दुर्मिळपणावर आहे. पुढे चिनी वापरात तो क्षणिकतेवर सरकला. आज चीनमध्ये थान-ह्वा या नावाने ओळखले जाणारे फूल रात्री उमलून पहाटेपर्यंत मिटणारे आहे; महाराष्ट्रात घरोघरी कुंड्यांतून लावले जाणारे आणि ब्रह्मकमळ म्हणून ओळखले जाणारे ते हेच. मराठीने मात्र 'उंबराचे फूल' या वाक्प्रचारात मूळचा दुर्मिळपणाचा अर्थ तसाच राखला आहे. दर्शन दुर्लभ झालेल्या माणसाला उंबराचे फूल म्हणणारा मराठी भाषक आणि क्षणिक कीर्तीला थान-ह्वा म्हणणारा चिनी भाषक एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर बसलेले आहेत.

समीकरणाने काय हरवते ते येथे स्पष्ट होते. उजव्या रकान्यातून बुद्ध निघून जातो, डाव्या रकान्यातून बंदूक निघून जाते. एका वाक्संप्रदायात यंत्राचा फसलेला प्रयत्न आहे, तर दुसऱ्यात सौंदर्याचे ओझरते दर्शन. पहिल्यात उपहास आहे, दुसऱ्यात हळहळही असू शकते. एखाद्या अल्पायुषी कवीच्या प्रतिभेविषयी थान-ह्वाची भाषा हळहळीने वापरता येईल. तेथे 'फ्लॅश इन द पॅन' म्हणणे हा त्या कवीचा अपमान होईल. यादी पाठ केलेला विद्यार्थी हा अपमान नकळत करील, आणि दोष त्याच्या पदरी पडेल.

तथापि समीकरणाचा मार्ग सर्वस्वी त्याज्य ठरवणे हेही अनैतिहासिक होईल. बौद्ध विचार चीनमध्ये गेला तेव्हा आरंभीच्या काळात 'को-यी', म्हणजे अर्थांची जोडणी, ही पद्धत वापरली गेली. चौथ्या शतकात चू फा-या आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बौद्ध संज्ञांना परिचित चिनी संज्ञांची जोड देऊन शिष्यांना त्या समजावल्या. याच पिढीतील ताओ-आन याने पुढे या पद्धतीवर आक्षेप घेतला, की अशा जोडणीने तत्त्वाचा विपर्यास होतो. आणि अनुवाद म्हणजे चावलेला भात दुसऱ्याच्या तोंडात घालणे, अशा अर्थाचे उद्गार खुद्द कुमारजीवाच्या नावावर आहेत. पण ताओ-आनचा आक्षेप शक्य झाला तो जोडणीचा टप्पा पार पडल्यानंतरच. समीकरण ही पायरी आहे. ती घर मानण्यात चूक आहे. याद्यांचा दोष त्या समानार्थ देतात हा नव्हे, तर समानार्थ दिल्यावर त्या थांबतात हा आहे.

४

आतापर्यंतचा विचार शिकणारा आणि भाषा या दोघांपुरता झाला. परंतु भाषा कोणाच्या तरी हातात असते, आणि चीन व इंग्रजी यांच्या संबंधाचा इतिहास या दृष्टीने निरागस नाही. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा सागरी व्यापार मुख्यतः कँटन या एका बंदरापुरता मर्यादित होता. परक्यांना चिनी शिकवणे धोक्याचे होते. जेम्स फ्लिंट या इंग्रजाने १७५९ साली बादशहाकडे अर्ज नेला तेव्हा तो लिहिण्यास साहाय्य करणाऱ्या चिनी माणसाला देहदंड झाला. अशा स्थितीत दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांनी एक तुटपुंजी मिश्रभाषा घडवली. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरचिन्हांत लिहिलेल्या छोट्या पुस्तिका बाजारात मिळत; त्यांत आकडे, माणसे, बोलचाल आणि खाणेपिणे यांचे काही शे शब्द असत. ही भाषा दोघांनी मिळून केलेली, दोघांच्या सोयीची. परंतु तिच्याविषयीचे हसे मात्र एकट्या चिनी माणसाच्या वाट्याला आले. इंग्रज व्यापारी ती बोलला तर ती तडजोड, चिनी दलाल बोलला तर ते अज्ञान.

पुढे सत्तेने शब्दांवरच हक्क सांगितला. १८५८ च्या तिआन्जिन तहाच्या ५१ व्या कलमाने चिनी सरकारी कागदपत्रांत ब्रिटिशांसाठी 'यी' हे अक्षरचिन्ह वापरण्यास मनाई केली, कारण इंग्रजांनी त्याचा अर्थ 'रानटी' असा लावला होता. त्याआधीच्या ५० व्या कलमाने मतभेदाच्या प्रसंगी इंग्रजी पाठ प्रमाण ठरवला. एका भाषेतील शब्दाचा अर्थ दुसऱ्या भाषेच्या भाषकांनी ठरवावा आणि तो तोफांच्या आधारे ठरवावा, याचे याहून उघड उदाहरण मिळणे कठीण. १८६२ साली पेकिंगमध्ये परभाषा शिकवण्यासाठी 'थुंग-वेन क्वान' ही शासकीय संस्था निघाली, आणि त्याच वर्षी थांग थिंग-शू याचा इंग्रजी शिकवणारा सहा खंडांचा ग्रंथ कँटनमध्ये प्रसिद्ध झाला. चीनमधील इंग्रजीच्या पद्धतशीर अध्ययनाचा आरंभ असा पराभवाच्या छायेत झाला आहे.

या इतिहासाचा ठसा आजच्या मूल्यमापनावरही दिसतो. 'लूज फेस' हा शब्दबंध एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यातून इंग्रजीत शिरला. तो चिनी शब्दबंधाचा शब्दशः अनुवाद आहे. मराठी माणसाचे जेथे नाक कापले जाते तेथे चिनी माणसाचा चेहरा जातो, आणि आता इंग्रजाचाही जातो. माओने १९४६ साली अमेरिकन पत्रकार ॲना लुईस स्ट्राँग यांच्याशी बोलताना वापरलेला 'कागदी वाघ' इंग्रजीत 'पेपर टायगर' म्हणून कायमचा वस्तीला आला. इंग्रजीने हे स्वीकारले तेव्हा त्याला समृद्धी म्हटले गेले. पण चिनी विद्यार्थ्याने अलोट गर्दीसाठी 'पीपल माउंटन पीपल सी' असे लिहिले की तेच कृत्य 'चिंग्लिश' ठरते. २००८ च्या ऑलिंपिकपूर्वी पेकिंगमधील इंग्रजी पाट्या दुरुस्त करण्याची मोहीम खुद्द चिनी शासनाने काढली. हसणाऱ्याची नजर हसे होणाऱ्याने आत्मसात केली होती. आणि २०१८ मध्ये, धीर देण्यासाठी हाँगकाँगमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'अ‍ॅड ऑइल' या शब्दबंधाला ऑक्सफर्डच्या कोशाने स्थान दिले, तेव्हा तोवरची चूक एका दिवसात वाक्संप्रदाय झाली. शब्दबंध तोच, भाषकही तेच. बदलला तो केवळ मान्यता देणारा हात. यावरून चूक आणि वाक्संप्रदाय यांतील सीमा भाषेच्या आत नसून मान्यतेच्या व्यवहारात आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो. प्रत्येक चूक वाक्संप्रदाय असते असा मात्र याचा अर्थ नव्हे. 'अ‍ॅड ऑइल'च्या मागे तो परस्परांत समजून वापरणारा समाज होता; एकट्या विद्यार्थ्याच्या घसरणीमागे तो नसतो. परंतु समाज कोणाचा धरायचा, हा प्रश्न उरतोच.

५

यावर एक सरळ उपाय सुचतो : परक्यांना वाक्संप्रदायरहित इंग्रजी शिकवावी. हा प्रयोग झाला, तो चीनमध्येच झाला, आणि साहित्यसमीक्षेच्या एका प्रवर्तकाने केला. आय. ए. रिचर्ड्स १९२९-३० मध्ये पेकिंगच्या त्सिंग-ह्वा विद्यापीठात शिकवत होते. १९३२ चा त्यांचा मेन्शियसवरील ग्रंथ या वास्तव्याचे फळ. पुढे १९३० नंतरच्या दशकात सी. के. ऑग्डेन यांची ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' चिनी शाळांत रुजवण्यासाठी त्यांनी परिश्रम घेतले. १९३७ मध्ये सुरू झालेल्या जपानबरोबरच्या युद्धाने ते काम विस्कटले. 'बेसिक'मागील हेतू उदार होता. शब्दसंख्या मर्यादित, अर्थ पारदर्शक, शिकणे सोपे. रूढीचे ओझे कमी.

परंतु या योजनेत एक अंतर्विरोध होता. क्रियापदांची संख्या अठरावर आणण्यासाठी 'गेट', 'पुट', 'टेक', 'मेक', 'गिव्ह' यांसारखी मोजकी पदे ठेवून बाकीचा भार 'अप', 'इन', 'ओव्हर', 'विथ' या अव्ययांवर टाकावा लागला. 'टॉलरेट' गेले आणि 'पुट अप विथ' आले; 'डिसीव्ह' गेले आणि 'टेक इन' आले. सुटे शब्द सोपे झाले, पण त्यांच्या जोडण्या निखळ रूढीवर चालू लागल्या. समोरच्या दाराने हाकललेला वाक्संप्रदाय मागच्या दाराने आत आला. आणि नेमक्या याच जोडक्रियापदांवर चिनी भाषक अडतो. यान ल्याओ आणि योशिनोरी फुकुया यांच्या २००४ च्या अभ्यासात मध्यम पातळीवरील चिनी विद्यार्थी अशी क्रियापदे टाळून एकशब्दी पर्याय पसंत करतात, आणि लाक्षणिक अर्थाची जोडक्रियापदे अधिकच टाळली जातात, असे आढळले. 'टॉलरेट' त्याला सुरक्षित वाटते, कारण त्याचा अर्थ कोशात एका जागी सापडतो. इंग्रजी भाषकाला सोपे वाटणारे ते परक्याला अवघड, आणि भाषकाला जड वाटणारे ते परक्याला सुकर, अशी ही उलटापालट आहे. आशय व वाहन ही रूपकविचारातील जोडी ज्या रिचर्ड्सनी १९३६ मध्ये दिली, आणि मृत रूपके पुन्हा जागी करता येतात असे ज्यांनी सांगितले, त्यांच्याच प्रकल्पात झोपलेली रूपके शिकणाऱ्याच्या वाटेत पसरलेली असावीत, हे बोधप्रद आहे. रूढीविना भाषा ही कल्पना टिकत नाही. म्हणून न्यायाचा प्रश्न रूढी काढून टाकण्याचा नसून ती वाटून घेण्याचा आहे.

६

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. प्रत्येक भाषिक समाजाला आपल्या रूढींचा अधिकार आहे; परका स्वेच्छेने ती भाषा शिकायला येतो; तेव्हा पाहुण्याने घराच्या रीती पाळाव्यात, यजमानाने घर बदलू नये. हा आक्षेप दोन गृहीतांवर उभा आहे. एक, शिकणे स्वेच्छेचे आहे. ज्या भाषेवाचून उच्च शिक्षण, नोकरी आणि संशोधनाचे प्रकाशन अडते, ती शिकणे हे पाहुणेपण म्हणता येत नाही. दोन, घर एकाचेच आहे. शांघायचा अभियंता आणि साओ पाउलोचा अभियंता इंग्रजीत बोलतात तेव्हा घरात यजमान कोणीच नसतो. तरीही आक्षेपात एक सत्य आहे : रूढी ही आठवण असते, आणि कोणाच्याही आठवणी परक्याच्या सोयीसाठी पुसण्याची मागणी अन्याय्य ठरेल. इंग्रजी भाषकाने आपली बंदूक विसरावी असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

मग बोलणाऱ्याचे दायित्व कोणते? याचे उत्तर एका छंग-यूच्याच पोटात आहे. 'द्वेइ न्यू थान छिन', म्हणजे गाईपुढे वीणावादन, हा शब्दबंध आज अपात्र श्रोत्याविषयीच्या तुच्छतेने वापरला जातो. मराठी भाषक त्याजागी गाढवापुढची गीता आठवेल. परंतु 'मौ-त्झ' या चीनमधील आरंभकालीन बौद्ध समर्थनग्रंथात ही कथा वेगळ्या कारणासाठी आली आहे. प्रश्नकर्ता विचारतो, की बौद्ध धर्माचे समर्थन करताना बौद्ध सूत्रांऐवजी चिनी ग्रंथांचे दाखले का देता? उत्तरादाखल गुंग-मिंग यी या वादकाची कथा सांगितली जाते. त्याने गाईपुढे एक उदात्त राग छेडला; ती चरत राहिली. तिला ऐकू येत नव्हते असे नव्हे, ते सूर तिच्या कानाला जुळणारे नव्हते. मग त्याने डासांची गुणगुण आणि चुकलेल्या वासराचे हंबरणे तारांवर काढले; तेव्हा गाईने शेपूट हलवली, कान टवकारले आणि ती ऐकू लागली. मूळ कथेत दोष गाईचा नाही. कथेचा नायक सूर बदलणारा वादक आहे, आणि ती सांगणारा एका भाषेतील विचार दुसऱ्या भाषेच्या श्रोत्यांपर्यंत नेऊ पाहणारा आहे. रूढीने या वचनातून वादकाचे दायित्व गाळून टाकले आणि गाईची निर्बुद्धता तेवढी ठेवली. वाक्संप्रदाय कसा विस्मरणाने घडतो, आणि ते विस्मरण कोणाच्या सोयीचे असते, याचा हा नमुना आहे.

मात्र केवळ सूर बदलणे हेही पुरेसे नाही. परक्यासमोर नेहमीच गुळगुळीत, रूढीमुक्त इंग्रजी बोलणारा भाषक वरकरणी सौजन्य दाखवतो. प्रत्यक्षात तो त्याला उंबरठ्यावरच ठेवत असतो. गाईला कायम डासांची गुणगुणच ऐकवली, तर उदात्त राग तिच्या कानावर कधी पडणार? तेव्हा दायित्व दुहेरी आहे : वाक्संप्रदाय उच्चारणे, आणि उच्चारून झाल्यावर तो उलगडण्यासाठी थांबणे. अशा थांबण्यात बोलणारा स्वतःच्याच भाषेकडे मम्मटाच्या डोळ्यांनी पाहू लागतो. त्याला गवत पुन्हा दिसते, बंदूक पुन्हा दिसते. परक्याच्या प्रश्नाने रूढी क्षणभर प्रयोजनाच्या पातळीवर येते, आणि भाषकाला आपल्या घरातील बंद खोली दाखवली जाते. हा परक्यावर केलेला उपकार नसून परक्याकडून मिळालेले दान आहे.

शिकणाऱ्याच्या बाजूनेही काही दायित्वे उरतात. वाक्संप्रदायाचा दागिन्यासारखा वापर न करणे, त्याचा सूर, उपहास आणि हळहळ ओळखल्याविना तो कोणावर न फेकणे, आणि समीकरणाच्या पायरीवर मुक्काम न करणे, ही ती होत. त्याबरोबर काही अधिकारही त्याला द्यावे लागतात. टाळण्याचा अधिकार हा त्यांतला पहिला. 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट' म्हणणाऱ्याने अर्थ गमावलेला नाही. त्याने केवळ सलगीचा दावा केलेला नाही, आणि सलगी न दाखवणे हा दोष नव्हे. दुसरा अधिकार आणण्याचा : आपल्या भाषेतील चेहरा, कागदी वाघ किंवा तेल परभाषेत घेऊन येण्याचा, आणि ते समजले नाही तर उलगडून सांगण्याचा. उलगडण्याचे दायित्व येथे शिकणाऱ्याकडे येते, आणि देवाणघेवाण खऱ्या अर्थाने दोन्ही बाजूंची होते.

मराठी समीक्षकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. गेल्या काही दशकांत मराठी समीक्षेने पाश्चात्त्य सिद्धान्तांच्या संज्ञा समीकरणाच्या रीतीने स्वीकारल्या आहेत. डावीकडे परकीय संज्ञा, उजवीकडे संस्कृतोद्भव प्रतिशब्द. ताओ-आनचा आक्षेप तिलाही लागू पडतो. 'संप्रदाय' या शब्दाने मात्र एक जुनी जाण जपून ठेवली आहे : संप्रदाय वंशाने नव्हे तर देण्या-घेण्याने चालतो, आणि देणारा थांबला नाही व घेणाऱ्याने विचारले नाही, तर तो बंद पडतो. वाक्संप्रदायाला 'इडियम'च्या अर्थाने खासगी मालमत्ता मानणारी भाषा आपल्या भाषकांना सुरक्षित ठेवते, परंतु आपल्याच शब्दांतील गवत, बंदूक आणि फूल त्यांच्यापासून दडवते. इंग्रजीचा चिनी विद्यार्थी ते शोधतो, कारण त्याला दुसरा इलाज नसतो. त्याच्या या शोधाला चूक म्हणून लाल शाईने खोडणाऱ्याने, खोडण्यापूर्वी, विद्यार्थ्याला जे दिसले ते आपल्याला का दिसत नव्हते, एवढा प्रश्न स्वतःला विचारणे न्यायाला धरून होईल.